तो श्टुटगार्टला, मी पुण्यात, लग्न सांगलीत: दुरून लग्नाची तयारी करणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचं लग्न झाल्यापासून मावसबहिणीच्या मैत्रिणी, ऑफिसातली पोरं, एकदा तर शेजारच्या काकूंची भाची, सगळे फोन करून तेच तेच विचारतात. नवरा तेव्हा जर्मनीत, मी पुण्यात नोकरीला, दोघांची घरं सांगली-मिरजेत. तयारी दहा महिने चालली आणि त्यातले जेमतेम एकोणीस दिवस तो भारतात होता. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते. आमच्यात तो परदेशात होता, तुमच्यात ती असेल. तसं बदलून वाचा.

आधी काय पक्कं करायचं: मुहूर्त, कार्यालय की रजा?

रजा. घरचे म्हणतील मुहूर्त. त्यांचं ऐकून घ्या आणि तरी रजाच आधी पक्की करा.

आमच्याकडे उलटं झालं. गुरुजींनी एक झकास तारीख काढून दिली, आईने ती मामाला कळवली, मामाने सगळ्या गावाला, आणि मग कळलं की त्याच आठवड्यात ह्याच्या प्रोजेक्टची डिलिव्हरी आहे. तारीख बदलली तेव्हा मामा दोन महिने फुगून बसला होता.

लांब असलेल्याने साहेबाकडून एक तारीख नाही, तीन आठवड्यांचा पट्टा मागून घ्यावा. तो पट्टा गुरुजींना द्यायचा, त्यातले चार-पाच मुहूर्त घ्यायचे आणि ती यादी घेऊन कार्यालयं फिरायची. एकच तारीख हातात धरून गेलात तर कार्यालयवाला भाव कमी करत नाही.

डिसेंबरात नाताळची सुट्टी असते, तेव्हाच केलं तर?

बहुतेक सगळे हेच करतात, म्हणून विमानाची तिकिटं तेव्हाच सगळ्यात महाग असतात. पण पंचांगाच्या दृष्टीने काळ चांगला. आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंत चातुर्मास, त्यानंतर तुळशीचं लग्न लागलं की माणसांची सुरू. पौषात पुष्कळ घरं लग्न करत नाहीत.

२०२६ साली एक गोष्ट ध्यानात ठेवा. १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ आहे, म्हणजे परदेशातल्यांना सोयीचा उन्हाळ्याचा एक अख्खा महिना गेला. शिवाय अधिक महिन्यामुळे पुढचे सण लांबले. दिवाळीचं लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला, तुळशीची लग्नं नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी. त्यामुळे 'नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात उरकून टाकू' असं कोणी म्हणत असेल तर आधी गुरुजींना विचारा. उलट मार्गशीर्ष जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत जातो, म्हणजे नाताळची सुट्टी अख्खी मोकळी.

घरचे अगदीच अडून बसले नसतील तर गौणकालातले, म्हणजे नेहमीच्या लग्नकाळाबाहेरचे, मुहूर्तही असतात. सोलापूरच्या दाते पंचांगात ते वेगळे छापलेले असतात. आमच्या आजीला ते पान उघडून दाखवलं तेव्हा ती गप्प बसली. छापलेलं आहे म्हटल्यावर तिचा विरोध संपतो.

मुलगा इथे नसताना बैठक आणि याद्या कशा करायच्या?

होतात. आमच्या याद्यांना हा फोनमधून हजर होता. चौरंगावर तांब्या, तांब्याला टेकवलेला फोन, शेजारी सुपाऱ्या आणि पान. काकांनी 'मुलाकडची माणसं किती?' असं विचारलं आणि नेमका कोणाचा तरी मेसेज आला, फोन थरथरला, घसरला आणि पालथा कुंकवाच्या करंड्यात. पुढची दहा मिनिटं सगळी बोलणी त्याने अंधारात ऐकली. कॅमेऱ्याच्या फटीतलं कुंकू आजतागायत निघालेलं नाही.

विनोद बाजूला. त्या दहा मिनिटांत मानपानाच्या साड्या, येण्याजाण्याच्या गाड्या आणि जेवणाचा खर्च कोणी करायचा हे ठरून गेलं. आम्ही दोघांनी आपसात 'खर्च निम्मा-निम्मा आणि आम्ही पण घालणार' असं ठरवलं होतं, पण ते बैठकीत बोलायचं कोणी हेच ठरवलं नव्हतं. नंतर ते मोडायला तीन महिने लागले. तेव्हा बैठकीच्या आदल्या रात्री दोघांनी आपापल्या बाबांशी बोलून घ्या. यादीवर एकदा हळदकुंकू लागलं की मोठी माणसं तिला दगडावरची रेघ समजतात.

साखरपुडा मात्र फोनवर करू नका, असं माझं मत. तो लग्नाच्या आदल्या दिवशी सीमांतपूजनाला जोडून घ्या. तशी पद्धत आता सर्रास आहे.

कामांची वाटणी कशी करायची? सगळं मलाच करावं लागतंय.

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा येतो, आणि नेहमी जो भारतात असतो त्याच्याकडूनच.

सुरुवातीला आम्ही प्रत्येक गोष्ट 'दोघांनी मिळून' ठरवत होतो. मी चार कार्यालयं बघायची, फोटो पाठवायचे, त्याने रात्री बघायचे, 'दुसरं बरं वाटतंय पण पार्किंगचं विचार' म्हणायचं, मी परत रिक्षा करून जायचं. असं पत्रिकेच्या कागदापासून मठ्ठ्यापर्यंत. एके दिवशी मी लक्ष्मी रोडवर उन्हात उभी राहून त्याला व्हिडिओवर शेले दाखवत होते. दुकानातला माणूस सातवा शेला उलगडत होता आणि हा म्हणाला, 'कॅमेरा जरा स्थिर धर ना.' मी फोन बंद केला आणि पहिला शेला घेऊन घरी आले.

त्या रात्री भांडणातून एक नियम निघाला: पाय ज्याचे, निर्णय त्याचा. ज्या कामासाठी मी उन्हात जाते त्यात शेवटचा शब्द माझा. त्याने मत द्यावं, पण एकदाच, आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत. उत्तर आलं नाही तर मला योग्य वाटेल ते. त्याच्या बदल्यात जी कामं कुठेही बसून होतात ती शंभर टक्के त्याची, त्यात मी विचारणारसुद्धा नाही.

ती कामं किती निघाली ते पाहून आम्हीच चाट पडलो. पाहुण्यांची यादी, दोन्हीकडची. पत्रिकेचा मजकूर आणि तिची शुद्धलेखनासकट तपासणी. फोटोवाल्यांशी बोलणी. बाहेरगावच्या पाहुण्यांची रेल्वेची तिकिटं, आणि कोणाला कोणत्या खोलीत ठेवायचं. आचाऱ्याशी, मेंदीवालीशी, बँडवाल्याशी फोन. हिशेब. व्हिसा. सगळ्या आत्यांना आणि मावशांना आमंत्रणाचे फोन, हे तर खासकरून त्याचं. परदेशातून मुलाने स्वतः फोन केला याचं नातेवाइकांना केवढं अप्रूप असतं! मी फोन केला असता तर 'पत्रिका नाही का पाठवली?' हेच ऐकावं लागलं असतं.

हे वाटप लिहून काढा आणि दोन्ही आयांना वाचून दाखवा. नाहीतर 'त्याला काय कळतंय तिकडे बसून' म्हणून त्याची कामंही फिरून तुमच्याच गळ्यात येतात आणि तो स्वतःच्या लग्नाला पाहुण्यासारखा येतो.

सासूबाई प्रत्येक गोष्ट मला विचारतात, त्याला नाही. काय करू?

'हे खातं त्याच्याकडे आहे, आई' असं हसत म्हणा आणि खरंच तिथे थांबा. तीन वेळा म्हणावं लागतं. चौथ्यांदा त्या त्याला फोन करतात.

फोटो आणि व्हिडिओ बघून कार्यालय बुक करावं का?

नको. तुमच्यापैकी कोणी जाऊ शकत नसेल तर विश्वासातलं माणूस पाठवा, आणि तेही दुसऱ्या कोणाचं तरी लग्न चालू असताना, दुपारी एक-दीडला. रिकामं कार्यालय सगळं छानच दिसतं. पंगत बसलेली असताना हात धुवायची जागा कशी आहे, उष्टी पानं कुठून नेतात, म्हातारी माणसं जिना चढतायत का, हे तेव्हाच कळतं.

मी रिकाम्या दिवशी गेले होते. नवरीची खोली मोठी, आरसा भिंतभर, खूश होऊन आगाऊ रक्कम दिली. लग्नाच्या सकाळी वीज गेली आणि जनरेटर सुरू झाला, तो त्याच भिंतीच्या पलीकडे. आरसा असा थरथरत होता की काजळ घालणारी मुलगी म्हणाली, 'ताई, तुम्ही हलताय का आरसा?'

फोनवर विचारायच्या गोष्टी: ताबा किती वाजता मिळतो आणि किती वाजता सोडायचा (आदल्या संध्याकाळी सीमांतपूजन असेल तर याला फार महत्त्व), बाहेरचा आचारी चालतो का, विजेचे युनिट आणि डिझेल वेगळं लावतात का, सांगितलेला भाव जीएसटी धरून की वगळून, तारीख हलवली तर आगाऊ रकमेचं काय. उत्तरं तोंडी घेऊ नका, पावतीच्या मागे लिहून घ्या. आणि संगीत रात्री दहाला बंद करावं लागतं. ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांत रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक लावायला बंदी आहे, कार्यालयवाला 'बघू' म्हणाला तरी.

पैशांचा हिशेब दुरून कसा ठेवायचा?

दोघांना दिसणारी एक शीट आणि लग्नासाठी वेगळं खातं. त्याच्या एनआरओ खात्यातून (परदेशी राहणाऱ्या भारतीयाचं इथलं बँक खातं) तो भरायचा, मी माझ्या पगारातून. रोखीचा मोह टाळा. कायद्याने एका कार्यासाठी एका माणसाकडून दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख कोणाला घेता येत नाही, आणि मोठी कार्यालयं किंवा आचारी 'अर्धे रोखीत द्या' म्हणतात तेव्हा हा आकडा सहज ओलांडला जातो. शिवाय ट्रान्सफरचा मेसेज हीच तुमची पावती.

आचाऱ्याला ताटांचा हमीचा आकडा नेहमी कमी सांगा. वाढवता येतो, कमी करता येत नाही.

त्याचे कपडे कसे शिवायचे?

त्याच्या कपाटातला जुना शर्ट शिंप्याकडे देऊ नका. तिकडे गेल्यावर माणसं एक तर चीज खाऊन फुगतात नाहीतर स्वतः स्वयंपाक करून वाळतात. आमचा वाळला होता. शेरवानी खांद्यावरून गळत होती. तो उतरला की तिसऱ्या दिवशी मापं आणि आठ दिवसांत कपडे, असा शिंपी आधीच बोलून ठेवा. विधींना सोवळं किंवा धोतर असेल तर तो प्रश्नच नाही, ते कोणालाही बसतं.

व्हिसाला वेळ लागतो, म्हणून आधी गुपचूप नोंदणी करून घ्यावी का?

थांबा. इथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि लोक त्यांची सरमिसळ करतात.

एक, हिंदू विवाह कायद्याखाली 'विधी नंतर करू, सर्टिफिकेट आधी घेऊ' हा प्रकार. हा करू नका. एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका वैमानिक जोडप्याच्या प्रकरणात स्पष्ट सांगितलं की विधी झालेच नसतील तर नुसत्या नोंदणीने हिंदू विवाह होत नाही. व्हिसासाठी आधी नोंदणी उरकून घेण्याच्या प्रथेवरही त्यात ताशेरे आहेत. म्हणजे तुमच्या हातात कागद असेल आणि लग्न नसेल.

दोन, विशेष विवाह कायदा, १९५४. हे खरंखुरं लग्न, विधींशिवाय. पण यासाठी दोघांपैकी एकाचं त्या जिल्ह्यात नोटिशीआधी किमान ३० दिवस वास्तव्य लागतं, मग नोटिशीचे ३० दिवस, आणि नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांच्या आत लग्न. लग्नाला तीन साक्षीदार. भारतात राहणाऱ्याच्या जिल्ह्यात नोटीस दिली तर दुसऱ्याला सगळे दिवस इथे बसून राहावं लागत नाही, पण सह्यांना यावंच लागतं.

हा मार्ग चांगला आहे, माझ्या दोन मैत्रिणींनी घेतला. मात्र घरच्यांना सांगून घ्या. मनाने लग्न पुढच्या डिसेंबरात असलं तरी कायद्याने तुम्ही त्या दिवसापासून नवरा-बायको. मधल्या काळात काही बिनसलं तर साखरपुडा मोडल्यासारखं नारळ परत करून भागत नाही, घटस्फोटच घ्यावा लागतो. आणि 'गुपचूप' तर नाहीच. नोटीस कार्यालयाच्या फलकावर लागते, आणि सांगलीसारख्या गावात फलक वाचणारा कोणीतरी तुमच्या बाबांचा वर्गमित्र असतो.

विधिवत लग्नाची नोंदणी किती दिवसांत होते?

महाराष्ट्रात लग्नापासून ९० दिवसांत अर्ज द्यायचा असतो. पण दूर राहणाऱ्यांना नव्वद कुठले, परतीच्या विमानाआधीचे आठ-दहा दिवसच असतात, कारण दोघांनीही समक्ष जावं लागतं. त्यात शनिवार-रविवार येतो, सत्यनारायण येतो, देवदर्शन येतं. आम्ही जोतिबा आणि अंबाबाई करून आलो आणि दुसऱ्या सकाळी रांगेत उभे राहिलो, माझ्या हातावरची मेंदी तशीच.

कागद आधी जमवून ठेवा: दोघांचे वयाचे आणि पत्त्याचे पुरावे, लग्नपत्रिका, विधींचा फोटो, तीन साक्षीदार त्यांच्या ओळखपत्रांसह, आणि अर्जावर गुरुजींची सही. गुरुजींची सही लग्नाच्या दिवशीच मांडवात घ्या. सीझनमध्ये ते नंतर सापडत नाहीत. अर्ज कोणत्या कार्यालयात चालेल ते पत्त्याच्या पुराव्यावर ठरतं, म्हणून महिनाभर आधी कोणीतरी जाऊन विचारून यावं.

आता पत्रिकेचं. आईने हौसेने पत्रिकेत माझं घरचं नाव छापून घेतलं होतं, त्यापुढे 'चि. सौ. कां.'. खिडकीपलीकडच्या बाईंचं बोट त्या नावावर थांबलं. मग माझ्या आधारवर गेलं. मग परत पत्रिकेवर. 'ह्या कोण?' बाबांना शेजारी बसवून प्रतिज्ञापत्र करून आणण्यात एक अख्खा दिवस गेला, मोजक्या दिवसांपैकी एक. लाडाची नावं रुखवतावर लिहा, पत्रिकेत पासपोर्टवरचंच नाव हवं. आणि दाखला हातात पडल्यावर खिडकी सोडण्याआधी मराठी आणि इंग्रजी दोन्ही स्पेलिंगं वाचा.

गोव्यातल्या मंडळींनो, तुमचा कायदा वेगळा आहे. तिथे सिव्हिल रजिस्ट्रारकडची प्रक्रिया दोन टप्प्यांत होते आणि ती धार्मिक लग्नाच्या आधी सुरू करायची असते. इथलं गणित तिथे लावू नका.

दाखल्याला अपोस्टिल लागतं ना?

देशावर अवलंबून. अपोस्टिल म्हणजे आपला सरकारी कागद दुसऱ्या देशात खरा मानला जावा म्हणून मारलेला शिक्का. भारत २००५ पासून अपोस्टिलच्या करारात आहे. दाखला आधी राज्य सरकारकडून प्रमाणित होतो, मग परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का. पण भारताच्या प्रवेशाला जर्मनीचा आक्षेप आहे, म्हणून जर्मनी आपलं अपोस्टिल मानत नाही. त्यांना गरज वाटली तर त्यांची वकिलात कागदांची स्वतः पडताळणी करून घेते, त्याचे पैसे तुमचे आणि त्यात महिने जातात. मला हे माहीत नव्हतं. एका एजंटाने गोड बोलून अपोस्टिल करून दिलं, ते अजून फाइलमध्ये तसंच आहे, दिसायला छान आहे.

जर्मनीसाठी आणखी एक: जोडीदाराला साधारणपणे ए-वन, म्हणजे अगदी प्राथमिक पातळीचं जर्मन लागतं, पण तिकडच्याकडे ब्लू कार्ड (उच्चशिक्षित नोकरदारांचा तिथला राहण्याचा परवाना) असेल तर ती अट नाही. ब्रिटनला जोडीदार म्हणून जाणाऱ्यांना इंग्रजीची परीक्षा आणि क्षयरोगाची तपासणी असते. तुमच्या देशाची यादी वकिलातीच्या पानावरून घ्या, मामाच्या मित्राकडून नको.

नाव बदलायचं असेल तर व्हिसा हातात पडल्यावर बदला. लग्नानंतर नाव बदललंच पाहिजे असा कायदा नाही. मी अजून बदललेलं नाही. तांदळात लिहिलेलं नाव तेवढं सासूबाई वापरतात.

लांबच्याने किती दिवस आधी यावं?

किमान बारा. दोन दिवस झोपेत, दोन दिवस शिंप्याकडे, बाकीचे केळवणांत. केळवणं एका दिवशी दोनपेक्षा जास्त घेऊ नका. श्रीखंड-पुरी आणि पुरणपोळी यांच्या मध्ये माणूस झोपला नाही तर हळदीला आडवा होतो.

फोनवर सतत लग्नाचंच बोलणं होतं. कंटाळा आलाय.

आमचा फोन रात्री अकराचा. उन्हाळ्यात तिकडे साडेसात वाजलेले असतात, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं मागे गेली की साडेसहा, आणि तो ऑफिसमधून यायचा असतो. या एका तासाने आमचं दिवाळीनंतरचं निम्मं भांडण घडवलं. तो लोकलमध्ये उभा, मी आचाऱ्याचे भाव वाचतेय.

मग लग्नाचं बोलणं आम्ही रविवार सकाळवर ढकललं, शीट उघडी ठेवून, तासभर, दोघांच्या हातात चहा. इतर दिवशी आचारी, बस्ता, मांडव यातलं एक अक्षर नाही. ज्याच्या तोंडून निघेल त्याने शंभर रुपये टाकायचे. लग्नापर्यंत अठ्ठावीसशे जमले, त्यातले दोन हजार माझे.

आम्ही दोघंही भारतातच आहोत, एक बंगळूरला आणि एक नाशिकला. आम्हाला यातलं किती लागू?

व्हिसा सोडून सगळं. उलट तुमच्यावर जास्त लादलं जाईल, कारण 'रात्रीच्या बसने ये ना' असं कोणीही म्हणू शकतं. श्टुटगार्टहून ये असं कोणी म्हणत नाही. महिन्यात एकच फेरी असं दोन्ही घरी आधी सांगून टाका.

लग्नानंतरही काही महिने वेगळंच राहावं लागलं तर?

आम्हाला पाच महिने राहावं लागलं. घरप्रवेश झाला, माप ओलांडलं, सोळाव्या दिवशी हा परत गेला आणि मी सोमवारी पुण्यात ऑफिसला. माहेरचे म्हणायचे सासरी राहा, सासरचे म्हणायचे माहेरी जा, दोघंही प्रेमानेच. मी माझ्या भाड्याच्या खोलीवरच राहिले. हे आधी ठरवून ठेवलेलं बरं, कारण नंतर प्रत्येकाचं मत असतं.

अकराचा फोन चालूच होता. पहिल्या रात्री मी उचलला आणि सवयीने शीट उघडली. 'आता त्यात काय राहिलंय?' तो म्हणाला. मांडववाल्याचे तीन हजार राहिले होते. ते झाल्यावर बराच वेळ दोघांनाही काही सुचेना, मग त्याने विचारलं, 'आज जेवलीस काय?'